तिजोरीच्या दोन किल्ल्या : व्यावसायिक संगणक आणि सुरक्षिततेचा इतिहास

प्रस्तावना

वाणिज्य शाखेत 'व्यवसायातील संगणक' हा विषय शिकताना सुरक्षिततेचा भाग बहुधा शेवटच्या घटकात येतो. पासवर्ड, फायरवॉल, सांकेतिकीकरण, डिजिटल स्वाक्षरी अशा संज्ञा आपण व्याख्यांसह पाठ करतो. पण या गोष्टी कोणत्या गरजेतून आल्या आणि त्या येण्याआधी काय घडले होते, हे सहसा समजत नाही. बंगळुरूत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा इतिहास विशेष जवळचा आहे, कारण त्यातील अनेक प्रसंग याच शहरात घडले आणि त्यांचे धागे महाराष्ट्रापर्यंत पोहोचतात.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांकडे असतात. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. एका माणसाच्या चुकीला किंवा मोहाला दुसऱ्या माणसाने आवर घालावा, हा त्यामागचा विचार. हा नियम संगणकापेक्षा जुना आहे. संगणक आल्यावर ही दुसरी किल्ली कोणाच्या हाती गेली, या प्रश्नाच्या आधारे आपण पुढील इतिहास पाहू.

१. कार्डांचा काळ : चूक हाच शत्रू

भारतातील व्यावसायिक संगणकाची सुरुवात साधारणपणे १९६१ पासून धरतात. त्या वर्षी मुंबईत एस्सो या तेल कंपनीने आयबीएम १४०१ हा संगणक बसवला. पगारपत्रके, मालसाठा, बिले अशी कामे त्या काळी छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून होत. एक कर्मचारी मूळ कागद पाहून कार्डावर छिद्रे पाडे. मग दुसरा कर्मचारी तोच कागद समोर ठेवून तीच माहिती पडताळणी यंत्रावर पुन्हा टंकित करी. दोघांच्या नोंदीत फरक आढळला की यंत्र अडे.

शिवाय कार्डांच्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत नियंत्रण बेरीज पाठवत. रकमांची बेरीज तर असेच, पण कधी कधी खाते क्रमांकांचीही बेरीज करत. या दुसऱ्या बेरजेला हिशेबात काहीच अर्थ नसतो. मात्र एखादे कार्ड गहाळ झाले किंवा बदलले गेले, तर ती जुळत नाही. रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ घालणाऱ्या मुनीमाला ही पद्धत लगेच कळली असती.

या काळात बाहेरच्या चोराचा विचार फारसा नव्हता. संगणक कुलूपबंद खोलीत असे आणि तेथपर्यंत जाणारी तार नव्हती. कर्मचाऱ्यांना भीती होती ती नोकरी जाण्याची. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कामगार संघटनांनी संगणकाला तीव्र विरोध केला. बँकांमध्ये १९८३ साली संघटनांशी करार झाल्यानंतर यंत्रांना मर्यादित वाट मिळाली आणि रंगराजन समितीने त्याच सुमारास यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला. शाखांमध्ये खतावणीची यंत्रे आली. तेथेही नोंद करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा, हा नियम कायम राहिला. दोन किल्ल्यांचे आता दोन पासवर्ड झाले, पण माणसे दोनच राहिली.

२. अमळनेर, पुणे आणि बंगळुरू

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना आपला भांडवली हिस्सा कमी करणे भाग होते. आयबीएमने ते मान्य केले नाही आणि १९७८ मध्ये भारत सोडला. त्यामुळे जी पोकळी निर्माण झाली, ती भरणाऱ्या दोन कंपन्यांचे मूळ महाराष्ट्रात आहे. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला वनस्पती तुपाच्या व्यवसायाने झाली. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिने बंगळुरूत संगणक बनवण्यास प्रारंभ केला. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी स्थापन केली आणि १९८३ मध्ये ती बंगळुरूला गेली. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, हा तिचा ग्राहक तेथे होता. पुढे याच इन्फोसिसची फिनॅकल ही बँकिंग प्रणाली अनेक बँकांच्या कारभाराचा कणा झाली.

अशा केंद्रीय प्रणालींमुळे एक मूलभूत बदल झाला. पूर्वी खाते शाखेचे असे आणि खतावणी शाखेच्या कपाटात असे. आता खाते बँकेचे झाले आणि सर्व शाखांची खतावणी एका ठिकाणी आली. ग्राहकाची मोठी सोय झाली. पण पूर्वी एका शाखेत चोरी झाली तर एका शाखेचे नुकसान होई, ती मर्यादा मात्र संपली.

३. भिंतीला दार पडले, कायदा मागून आला

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र उघडले आणि उपग्रहाच्या जोडणीने येथील काम परदेशी पाठवण्याची वाट दाखवली. १९९१ पासून सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेमुळे ती वाट रुंदावली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आता संगणकाच्या खोलीला कुलूप असून उपयोग नव्हता.

कायद्याची अडचण वेगळीच होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेनुसार चोरी म्हणजे जंगम मालमत्ता दुसऱ्याच्या ताब्यातून त्याच्या संमतीविना हलवणे. माहितीची नक्कल केली तर मूळ माहिती जागेवरच राहते. मग चोरी झाली असे म्हणायचे कसे? या आणि अशा प्रश्नांसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आला आणि १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता दिली आणि परवानगीशिवाय संगणकात शिरणे, माहिती उतरवून घेणे, विषाणू सोडणे यांसाठी भरपाईची तरतूद केली.

पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, बंगळुरूत सायबर गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पोलीस ठाणे स्थापन झाले. देशातील अशा पहिल्या ठाण्यांमध्ये त्याची गणना होते. मात्र मूळ कायद्यात तपासाचा अधिकार पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यालाच होता. नेहमीच्या ठाण्यातील निरीक्षकाला तो अधिकार २००८ च्या दुरुस्तीने मिळाला. सामान्य तक्रारदाराच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता.

४. आतला माणूस

एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरचे प्रकरण उघड झाले. हे केंद्र बंगळुरूस्थित एम्फसिस समूहाचे होते आणि तेथून सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांना सेवा दिली जाई. काही कर्मचाऱ्यांनी चार ग्राहकांना बोलण्यात गुंतवून त्यांचे गुप्त क्रमांक मिळवले आणि साडेतीन लाख डॉलरांच्या आसपास रक्कम पुण्यात उघडलेल्या खोट्या खात्यांत वळवली. २००६ मध्ये बंगळुरूतील एचएसबीसीच्या माहिती प्रक्रिया केंद्रातील एका कर्मचाऱ्यावर ब्रिटिश ग्राहकांची माहिती बाहेर दिल्याचा आरोप झाला. त्या ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे २,३३,००० पौंड गेले होते.

या दोन्ही प्रकरणांत संगणक कोणी 'फोडला' नव्हता. पहिल्या प्रकरणात तर ग्राहकांनी स्वतःच क्रमांक सांगितले होते, कारण समोरून बोलणारा माणूस खरोखरच बँकेच्या वतीने बोलत होता. येथे दुसरी किल्ली बँकेतल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे नव्हती, ती ग्राहकाच्या स्मरणात होती. ती गोड बोलून काढून घेता येते, हे यातून दिसले.

या काळात परदेशी ग्राहकांचा विश्वास टिकवणे हा उद्योगापुढचा मोठा प्रश्न होता. २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३-अ आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. संवेदनशील वैयक्तिक माहिती सांभाळताना कंपनीने हयगय केली आणि त्यातून कोणाचे नुकसान झाले, तर तिने भरपाई द्यावी, असे त्यात म्हटले होते. माहिती सांभाळणाऱ्यावर जबाबदारी टाकणारे हे महत्त्वाचे पाऊल होते.

५. दोन्ही किल्ल्या एकाच हातात

रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाद्वारे होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांसाठी कार्डावरील माहितीखेरीज आणखी एक ओळख अनिवार्य केली. त्यातूनच एकवेळचा पासवर्ड, म्हणजे ओटीपी, घरोघरी पोहोचला. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमध्येही दोन घटक आहेत : नोंदवलेला मोबाइल आणि पिन.

तांत्रिक दृष्टीने ही मजबूत व्यवस्था आहे. केवळ कार्डाचा क्रमांक चोरून आता भागत नाही. पण दोन किल्ल्यांच्या जुन्या नियमाशी तुलना केली की फरक जाणवतो. जुन्या नियमात दोन किल्ल्या म्हणजे दोन माणसे होती. नव्या व्यवस्थेत किल्ल्या दोन आहेत, माणूस एकच आहे. फोनही त्याचाच, पिनही त्याचाच. त्याला घाबरवले किंवा फसवले की दोन्ही किल्ल्या एकदमच मिळतात. 'डिजिटल अटक' नावाने चाललेली फसवणूक नेमकी यावर उभी आहे. खोटा पोलीस अधिकारी व्हिडिओ कॉलवर येतो, माणसाला घरातल्यांशी बोलू देत नाही आणि त्याच्याच हाताने पैसे पाठवायला लावतो. 'कोणाला सांगू नका' ही अट महत्त्वाची असते, कारण शेजारी दुसरा माणूस असला तर तो थांबवेल.

नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न येथे उभा राहतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याचे उत्तर दिले. दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर भार नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तरीही ग्राहकावर भार नाही. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित भार. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. परंतु ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर सूचना देईपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचेच. म्हणून तक्रारीतला प्रत्येक तास मोलाचा ठरतो आणि १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक त्यासाठीच आहे.

६. बँकेचीच किल्ली : कॉसमॉस, २०१८

चूक नेहमी ग्राहकाचीच असते, हा समज पुण्याच्या एका घटनेने खोटा ठरवला. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे काढताना 'या खात्यात रक्कम आहे का' हा प्रश्न बँकेच्या केंद्रीय प्रणालीपर्यंत पोहोचवणारा दुवा असतो, त्याला स्विच म्हणतात. हल्लेखोरांनी खोटा स्विच उभा केला आणि त्यानेच होकार देण्यास सुरुवात केली. बनावट कार्डांनी २८ देशांत पैसे काढले गेले. दोन दिवसांनी स्विफ्ट प्रणालीतून आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला वळवण्यात आले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरवले.

येथे कोणाही ग्राहकाने ओटीपी सांगितला नव्हता. मंजुरी देणारी दुसरी किल्लीच बनावट होती आणि खतावणीला त्याचा पत्ता नव्हता. साध्या मेळाचे जुने तत्त्व, म्हणजे स्विचने दिलेले होकार आणि केंद्रीय प्रणालीतील नोंदी सतत ताडून पाहणे, अशा वेळी किती उपयोगी पडते हे यावरून कळते.

समारोप

माहितीवर हक्क कोणाचा, हा प्रश्नही बंगळुरूतूनच न्यायालयात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधार योजनेविरुद्ध याचिका केली. त्यातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्णय दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला.

या सहा दशकांकडे पाहिल्यास एक क्रम दिसतो. प्रत्येक कुलूप चोरीनंतर बसले आणि कुलूप लावण्याचे काम हळूहळू कार्यालयाकडून ग्राहकाकडे सरकले. कारकुनाला प्रशिक्षण होते, शेजारी दुसरा कारकून होता, वर तपासनीस होता. आज तेच काम घरी एकट्याने फोनवर करणाऱ्या माणसाकडे यांपैकी काहीच नाही. म्हणून 'सावध राहा' एवढ्याने सुरक्षितता पूर्ण होत नाही. मोठी रक्कम प्रथमच नव्या खात्यात जाताना काही काळ थांबवणे, कुटुंबातील विश्वासू व्यक्तीची दुसरी मंजुरी घेण्याची सोय देणे, अशा मार्गांनी तो दुसरा माणूस परत आणता येईल. उद्या अशा प्रणाली लिहिण्याचे किंवा तपासण्याचे काम आपल्यापैकी अनेकांकडे येईल. तेव्हा दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे आधी विचारावे.

विचारासाठी प्रश्न

१. पडताळणी यंत्र आणि ओटीपी यांत साम्य काय व फरक काय?
२. माहितीच्या चोरीला दंड संहितेतील चोरीची व्याख्या का अपुरी पडली?
३. २००५ चे पुण्यातील प्रकरण आणि २०१८ चा कॉसमॉस हल्ला यांत दोष कोठे होता? नुकसानीची जबाबदारी ठरवताना त्याने काय फरक पडतो?