बांडुंग परिषद
आशिया व आफ्रिकेतील २९ देशांची इंडोनेशियातील बांडुंग शहरात १८ ते २४ एप्रिल १९५५ दरम्यान भरलेली परिषद. इंडोनेशिया, भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश व श्रीलंका हे तिचे निमंत्रक. आफ्रिकेतून सहाच देश आले. त्यांपैकी सुदान तेव्हा स्वतंत्रही नव्हता. म्हणून परिषदेतील त्याचा ध्वज म्हणजे पांढऱ्या कापडावर लाल अक्षरांत लिहिलेले देशाचे नाव. खरा वाद वसाहतवादाच्या अर्थावर झाला. पूर्व युरोपातील सोव्हिएट वर्चस्वही त्यातच मोडते, असे श्रीलंकेचे पंतप्रधान जॉन कोटेलावला यांनी मांडले. नेहरूंना ते अमान्य होते. अखेर कोणत्याही रूपातील वसाहतवादाचा निषेध करण्यावर एकमत झाले. संमत दहा तत्त्वांत पंचशीलाचा आशय उतरला (पहा : पंचशील). अलिप्त राष्ट्रांच्या १९६१ च्या बेलग्रेड परिषदेची पूर्वपीठिका येथे तयार झाली (पहा : अलिप्ततावाद).