नोंदवहीतला माणूस

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव जोसेफ हेन्री यांना मोठे संग्रहालय नकोच होते. जेम्स स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाने अमेरिकेत कधी पाऊल ठेवले नव्हते. पुतण्या निपुत्रिक वारल्यास आपली संपत्ती ज्ञानवृद्धीसाठी त्या देशाला द्यावी, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. तसेच घडले आणि १८४६ साली कायद्याने संस्था उभी राहिली. हेन्रींचे म्हणणे साधे होते. वस्तू जमवत बसलो तर संशोधनाचा पैसा त्या सांभाळण्यातच जाईल. पण १८५० साली त्यांचे साहाय्यक म्हणून स्पेन्सर बेअर्ड आले, तेच नमुन्यांनी भरलेले रेल्वेचे दोन डबे घेऊन! पुढे बेअर्डच सचिव झाले. आज संस्थेचा साठा १५ कोटींच्या वर गेला आहे. कारभार १७ जणांचे मंडळ पाहते. त्यात सरन्यायाधीश, उपराष्ट्राध्यक्ष, संसदेचे सहा सदस्य आणि नऊ नागरिक असतात.

खर्चाचे गणित हेन्रींना दिसले होते. साठ्यात माणसेही येतील हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नसावे.

१९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिलजवळ एक भुकेला, एकाकी माणूस सापडला. याही जमातीचा तो शेवटचा, असे म्हटले गेले. आपले नाव त्याने कुणाला सांगितले नाही. मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'माणूस'. १९१६ साली क्षयाने तो वारला. शवविच्छेदन करू नका, असे क्रोबरनी न्यूयॉर्कहून कळवले, तरी ते झालेच. देहाचे दहन झाले, मेंदू मात्र काढून ठेवला गेला. आणि मग त्याच क्रोबरनी १९१७ साली तो स्मिथसोनियनच्या आलेश हर्डलिच्कांकडे पाठवून दिला. मित्र म्हणून विरोध करणारा माणूस शास्त्रज्ञ म्हणून असे कसे करू शकला, हे कोडे मला सुटत नाही.

१९९७ साली कॅलिफोर्नियातील आदिवासींनी इशीच्या अवशेषांची मागणी सुरू केली. मेंदू कुठे आहे, हे तिकडे कुणालाच ठाऊक नव्हते. १९९९ साली संशोधक ऑरिन स्टार्न यांना जुन्या पत्रव्यवहारात धागा सापडला. मेंदू मेरीलँडमधील सुटलँडच्या गोदामात, रीतसर क्रमांकासह नोंदलेला होता! म्हणजे वस्तू हरवली नव्हती. विचारणाऱ्याला मात्र ती नोंद दिसत नव्हती.

१९८९ च्या कायद्याने संस्थेवर आदिवासींच्या अवशेषांची यादी करून संबंधितांना कळवण्याचे बंधन घातले होते. त्याच कायद्याखाली २००० साली रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या जमातींना मेंदू सोपवला गेला. अस्थी आणि मेंदू एकत्र करून त्यांनी ते गुप्त ठिकाणी पुरले.

आपल्या जुन्या गोव्यातही असे एक प्रकरण घडले आहे. सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांत सापडलेली राणी केतेवानची अस्थी २०२१ साली भारताने जॉर्जियाला दिली. पण तिच्यासाठी एक सरकार वर्षानुवर्षे मागे लागले होते. स्मिथसोनियनमध्ये २०२३ साली अडीचशेहून अधिक मेंदू उरले असल्याचे प्रसिद्ध झाले, बहुतेक संमतीविना घेतलेले. संस्थेच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि एक गट नेमला. मागणीची वाट न पाहता वारसांना अवशेष देऊ करावेत, असे त्या गटाने सुचवले. त्यासाठी आधी जुन्या नोंदवह्या पुन्हा उघडाव्या लागणार आहेत.