फ्रांस्वा मित्तराँ : राज्यघटनेचे टीकाकार आणि तिचे वारस

फ्रान्सच्या पाचव्या प्रजासत्ताकाचे पहिले समाजवादी राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मित्तराँ (१९१६–१९९६) ह्यांच्या चरित्राचा विचार करताना एक प्रश्न टाळता येत नाही. द गॉलप्रणीत राज्यघटना म्हणजे सत्तेचा अखंड बलात्कारी अपहार होय, अशा आशयाचा ग्रंथ त्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे त्याच घटनेने दिलेले अधिकार त्यांनी १४ वर्षे, म्हणजे ह्या प्रजासत्ताकातील इतर कोणत्याही राष्ट्राध्यक्षापेक्षा अधिक काळ, वापरले. ह्या विसंगतीचा उलगडा कसा करावयाचा?

मित्तराँ हे जन्माने वा संस्काराने समाजवादी नव्हते. १९४० मध्ये ते जर्मनांचे युद्धकैदी झाले. सुटका करून घेतल्यावर त्यांनी प्रथम व्हिशी राजवटीत नोकरी केली व नंतर प्रतिकार चळवळीत प्रवेश केला. १९५६-५७ मध्ये ते न्यायमंत्री असताना अनेक अल्जीरियन राष्ट्रवाद्यांना देहदंड देण्यात आला. १९८१ मध्ये देहदंड रद्द करणारे सरकार त्यांचेच होते, ही गोष्ट ह्या पार्श्वभूमीवर ध्यानात घेतली पाहिजे.

१९६५ मध्ये द गॉल ह्यांच्याविरुद्ध त्यांना सुमारे ४५ टक्के मते मिळाली. थेट निवडणुकीत विभागलेल्या डाव्या पक्षांना यश नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले. १९७१ च्या एपिने अधिवेशनात ते समाजवादी पक्षाचे नेते झाले आणि १९७२ मध्ये साम्यवाद्यांशी समान कार्यक्रमाचा करार झाला. म्हणजे ज्या निवडणूकपद्धतीचा त्यांनी निषेध केला, तिच्याच तर्काने त्यांचा पक्ष घडला. १० मे १९८१ रोजी ते जवळजवळ ५२ टक्के मतांनी विजयी झाले.

प्रारंभीच्या सुधारणा व्यापक होत्या : पाच मोठे उद्योगसमूह व बहुतेक मोठ्या बँका ह्यांचे राष्ट्रीयीकरण, ३९ तासांचा आठवडा, पगारी रजेचा पाचवा आठवडा, साठाव्या वर्षी निवृत्तिवेतन, प्रादेशिक विकेंद्रीकरण. तथापि १९८१ ते १९८३ ह्या काळात फ्रँकचे तीन वेळा अवमूल्यन करावे लागले. मार्च १९८३ मध्ये युरोपीय चलनव्यवस्थेत राहण्याचा निर्णय झाला आणि काटकसरीचे धोरण आले. समाजवादाची जागा हळूहळू युरोपीय ऐक्याने घेतली. १९९२ मध्ये मास्ट्रिख्ट करार सार्वमताने, परंतु जेमतेम ५१ टक्क्यांनी, संमत झाला.

घटनेची खरी कसोटी १९८६ मध्ये लागली. संसदेत विरोधकांचे बहुमत झाल्यावर मित्तराँ ह्यांनी राजीनामा दिला नाही. अंतर्गत कारभार पंतप्रधान शिराक ह्यांच्याकडे सोपवून परराष्ट्र व संरक्षण ह्यांवरील पकड मात्र त्यांनी राखली. ‘सहवास’ ह्या अर्थाचा घरगुती शब्द फ्रेंच राज्यशास्त्राच्या परिभाषेत रुळला, तो ह्याच प्रसंगाने. ज्या घटनेला त्यांनी एकपुरुषी म्हटले होते, ती सत्तांतर व सत्ताविभाजन दोन्ही पेलू शकते, हे त्यांच्याच कारकीर्दीत सिद्ध झाले.

ह्याची दुसरी बाजूही आहे. आफ्रिकाविषयक धोरण राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातच बंदिस्त राहिले. १९९४ च्या रुआंडातील वंशसंहारासंबंधी फ्रान्सवर जड जबाबदारी येते, असा निष्कर्ष २०२१ मध्ये सरकारनियुक्त इतिहासकार-समितीने काढला. १९६४ च्या ग्रंथातील टीका, ह्या दृष्टीने पाहता, तिच्या लेखकालाही लागू पडते. मित्तराँ ह्यांनी डाव्या पक्षाला ह्या घटनेखाली राज्य करण्यास शिकविले. परंतु त्या घटनेतील अनियंत्रित सत्तेचा दोष त्यांनी दूर केला नाही, असेच म्हणावे लागते.