गारपगारी आणि बाजेवरच्या कुरडया

होळी झाली की आमच्या आर्वीकडच्या घरात अंगणावर पुरुषांचा हक्क उरत नसे. अंधार असतानाच चुलीवर गव्हाचा चीक रटरटायला लागायचा. उजाडेपर्यंत बाजेवर आबाजींचं जुनं धोतर अंथरलेलं असायचं आणि सोऱ्यातून कुरडया पडत असायच्या. दुसऱ्या बाजेवर मूगवड्या, तिसरीवर तांदळाचे पापड. आजी सपरीच्या खांबाला टेकून हातात काठी घेऊन बसायची. काठी कावळ्यांसाठी असली तरी तिचं कावळ्यांकडे लक्ष कमीच. ती पाहायची उत्तरेला, सातपुड्याच्या बाजूला.

कारण वाळवणाचे ते दिवस शिवारातही फार नाजूक. गहू सोंगणीला आलेला, हरभरा उपटून त्याच्या गंज्या लागलेल्या, संत्र्याच्या बागांमध्ये कुठे मृग बहाराची फळं तोडायची राहिलेली, कुठे अंबियाची नवी फळं नुकती वाटाण्याएवढी झालेली. वर्षभराचा पैसा उघड्यावर आणि वर्षभराच्या कुरडयाही उघड्यावर. सकाळपासून वारा पूर्वेचा असला, अंगाला चिकटा सुटला आणि दुपारी पांढरे ढग आडवे न पसरता उभे चढायला लागले, की आजी बोलेनाशी व्हायची. तिच्याकडे पाहून आई उरलेला चीक झाकून ठेवायची. मग चारच्या सुमाराला ढगाचं बूड तांबूस-काळं पडायचं, वारा एकदम थांबायचा आणि आजी ओरडायची, “पोट्टेहो, बाजा आत घ्या रे, आभाय फिरलं!”

भरली बाज आडवी करून दारातून नेता येत नाही. कुरडया घसरतात. म्हणून आधी चार कोपरे धरून धोतर उचलायचं, मग बाज, मग पापड, आणि या गडबडीत अर्धओली कुरडई तोंडात कोंबायची. ते आमचं बक्षीस. मोठी माणसं तोवर ताडपत्र्या घेऊन खळ्याकडे पळालेली असत. घरात आम्ही सगळे मधल्या खोलीत, कारण तिच्यावर माळा होता. सपरीवरचे कवेलू गारेने फुटत आणि तुकडे खाली येत. पुढे कवेलू जाऊन टिना आल्या. फुटण्याची भीती गेली, पण आवाज असा की शेजारी बसलेल्या माणसाला हाका माराव्या लागत.

पहिली गार वाजली की आजी चुलीपाशी ठेवलेला विळा अंगणात भिरकावून द्यायची. त्यापाठोपाठ तवा, पालथा. लोखंड पाहून गारा थांबतात असा तिचा हिशेब होता. गारा दहा-पंधरा मिनिटांत तशाही थांबतात, त्यामुळे हा उपाय आमच्या घरात कधीच फसला नाही. मग आम्ही गंज घेऊन अंगणात सुटायचो. खायच्या तेवढ्या खाऊन झाल्या की उरलेल्या वितळवून आजी ते पाणी काचेच्या बाटलीत भरून देवघरात ठेवायची आणि वैशाखात आमच्या पाठीवरच्या घामोळ्याला लावायची. अंगणात आम्ही नाचत असताना आबाजी ओल्या धोतराने खळ्यावरून परत यायचे. ते काही बोलायचे नाहीत. आमचं नाचणं मात्र त्यांना पाहताच थांबायचं. एकाच गोष्टीचा कुणाला सण आणि कुणाला सुतक असू शकतं, हे मला तेव्हा कळलं की नंतर, आता सांगता येत नाही.

मग पारावर मोजमाप निघायचं. आमच्याकडे गार नेहमी फळांनी मोजतात. हरभऱ्याएवढी पडली तर कुणी फार बोलत नाही. बोराएवढी पडली तर गव्हाच्या ओंब्या झडतात. आवळ्याएवढी पडली की घाटे फुटतात, संत्र्याची साल चिरते आणि फांद्यांना जखमा होतात, मग बोर्डो मिश्रण फवारत बसा. लिंबाएवढी म्हणजे वासरू दगावतं, पोपट आणि बगळे झाडाखाली मरून पडलेले सापडतात. कवठाएवढी गार आपल्या आज्याने पाहिली, असं सांगणारा एक तरी म्हातारा प्रत्येक गावात असतोच. ही काही आमच्या गावठी बुद्धीचीच रीत नाही. ३० एप्रिल १८८८ ला मुरादाबादजवळ गारांनी २४६ माणसं मारली. गारपिटीतल्या मृत्यूंचा तो जागतिक हवामान संघटनेने मान्य केलेला उच्चांक आहे. तिथल्या गारांचं वर्णनही हंसाची अंडी, संत्री आणि क्रिकेटचे चेंडू अशा मापांतच नोंदलेलं आहे. ज्याच्या घरात जे हाताला लागतं, ते त्याचं माप.

गारा फाल्गुन-चैत्रातच का, याचं उत्तर आबाजींकडे होतं: “थंडी जाताना मागं वळून पाह्यते.” हवामानशास्त्राला विचारलं तर तेही फार लांबचं सांगत नाही. या दिवसांत वरच्या थरांत उत्तरेकडची गार, कोरडी हवा अजून टिकून असते. खाली जमीन तापलेली. त्यात बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून ओलसर वारे मध्य भारतावर येऊन मिळाले की ढग झपाट्याने वर चढतात. गोठणबिंदूच्या खालीही पाणीच राहिलेले थेंब ढगात असतात, ते बर्फाच्या कणावर येऊन थिजतात. वर चढणारा वारा त्या कणाला झेलून धरतो, थरावर थर बसतात. म्हणून मोठी गार मधोमध कापली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. वजन वाऱ्याला पेलवेनासं झालं की ती खाली येते. मे महिन्यात ढग याहून उंच असतात, पण गोठणाची पातळीही वर गेलेली असते. गार वाटेतच वितळते आणि वळवाचा पाऊस होऊन पडते. विदर्भाच्या वाट्याला ज्या दिवसांत गारा येतात, नेमके तेच दिवस रब्बी घरी आणण्याचे. यात कुणाचा दोष नाही, पण दोष कुणाला तरी दिल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. आमच्या भागाने त्यासाठी एक माणूस पगारी ठेवला होता.

त्याला गारपगारी म्हणत. आबाजींनी लहानपणी आमच्या गावचा गारपगारी पाहिला होता, आणि गारा पडून गेलेल्या रात्री कंदिलाच्या उजेडात त्याची गोष्ट हमखास निघायची. भगव्या रंगाचे कपडे, गळ्यात रुद्राक्ष, नाथपंथी माणूस. वर्षभर त्याच्याकडे कुणी फारसं पाहत नसे. माघ संपला की त्याची किंमत वाढायची. आभाळात काळ्यात तांबडं मिसळलेलं दिसलं, की तो तलवार घेऊन मारुतीच्या पारावर जाऊन उभा राहायचा. आधी विनवणी. मग भांडण. मग धमकी: गारा फिरवल्या नाहीस तर इथंच जीव देतो. अंगावरचे कपडे काढून फेकायचा, बोट कापून रक्ताचा थेंब पायरीवर पाडायचा. गाव दुरून पाहत राहायचं. आबाजी सांगायचे, “मारोतीले इतक्या शिव्या मी जन्मात आयकल्या नाही.” मग आजी आतून म्हणायची, “लेकरांसमोर कायले सांगता ते?” आणि आबाजी आवाज खाली करून ते सांगतच राहायचे.

आबाजींच्या गोष्टीत मीठमसाला भरपूर असे, त्यामुळे हा माणूस त्यांनीच रचला असावा असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतांतल्या जाती-जमातींवरचे १९१६ साली निघालेले चार खंड हाती आले. त्यांत गारपगारी होता: भगवी वस्त्रं, रुद्राक्ष, तलवार, मारुती, सगळं तिथे. वर आणखी एक गोष्ट होती, की पूर्वी तो बायकामुलांनाही देवापुढे उभं करून त्यांना मारण्याची धमकी देई, आणि कधी काळी मुलाचा बळी दिल्याच्याही हकिगती आहेत. साहेबी अमदानीतल्या अधिकाऱ्यांना असल्या हकिगतींची गोडी जरा जास्तच होती, म्हणून ही शेवटची मी अर्ध्या विश्वासाने वाचतो. देवापुढे उभ्या केलेल्या त्या बायकोचा विचार मात्र मनातून जात नाही. गाव ज्वारी-गव्हाचा वाटा देत होतं नवऱ्याला. थंडगार वाऱ्यात पारावर उभं राहायचं तिने.

त्याच खंडात पहिल्या गारपगाऱ्याची आख्यायिका आहे, आणि तिच्यापुढे मला तलवारही फिकी वाटते. एक जोगी गावच्या कुणबी मालगुजाराबरोबर काशीला गेला. तिथे त्याने सांगितलं, अमक्या दिवशी आपल्या गावावर गारा पडून सगळं पीक जाणार. मालगुजार म्हणाला, वाचव. जोगी म्हणाला, गारा थांबवता येणार नाहीत, पण सगळ्या गावाच्या गारा मी माझ्या एकट्याच्या शेतात पाडू शकतो. मात्र माझं नुकसान तुम्ही सगळ्यांनी मिळून भरून द्यायचं. दोघं परत आले तर गावात गारपीट होऊन गेलेली, आणि एकट्या जोग्याचं शेत झोपलेलं. गावाने शब्द पाळला, त्याची भरपाई केली, आणि तेव्हापासून तो धंदाच झाला.

मंत्रतंत्र बाजूला काढून ही गोष्ट पाहा. यात चमत्कार थोडा आहे, करार जास्त आहे. गार ही मुळात पट्ट्याने पडते. बांधाच्या या बाजूचा गहू सपाट आणि पलीकडचा उभा, हे आमच्याकडे प्रत्येकाने पाहिलेलं आहे. दुष्काळ सगळ्यांना सारखा मारतो, गार एकट्याला गाठते. ज्याचं गेलं त्याचं, ज्यांचं वाचलं त्यांनी भरून द्यायचं, हा ठराव गावाने कागदावर लिहिला नाही, जोग्याच्या तोंडी घातला. पीकविमा म्हणतात तो याहून फार वेगळा नाही. फरक एवढाच, की इथे हप्ता खळ्यावर सुपाने मोजला जाई आणि विमा देणाऱ्याला भर वादळात देवळासमोर उभं राहावं लागे. गारा पडल्याच तर शिव्या खायलाही तोच. माझ्या मते त्याचं खरं काम हेच होतं.

आमच्या गावचा गारपगारी आबाजींच्या तरुणपणी गेला. त्याच्या मुलाने तलवार उचलली नाही. तो पुलगावला गिरणीत लागला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तेव्हा आमचा मुलूख मध्यप्रदेशात होता. वाटे गोळा करून देणारा मालगुजारच राहिला नाही, मग असले हक्कही आपोआप सुटले. पार राहिला, मारुती राहिला. आभाळ पाहण्याचं काम आजीसारख्या बायकांकडे आलं, बिनपगारी.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर जी गारपीट झाली, तिच्यात पट्ट्याचा हिशेब राहिला नाही. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, नाशिककडचे द्राक्षबागायतदार, सोलापूरकडचे डाळिंबवाले, सगळेच एकाच पंधरवड्यात सापडले. त्यात लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. पंचनामे, पैसेवारी, मदतीचे आकडे हे शब्द तेव्हा घराघरात जेवताना बोलले जात होते. २०१८ च्या फेब्रुवारीत पुन्हा मराठवाड्यात आणि विदर्भात तेच. जोग्याचा करार एका शेताचा भार गावाने उचलण्यापुरता. सगळीच शेतं झोपली तर भरून देणारा कोण, याचं उत्तर त्या गोष्टीत नाही. ते २०१६ पासून पंतप्रधान पीकविमा योजनेत शोधायचं. महाराष्ट्रात २०२५ पर्यंत गारांनी नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं असे. गावी माझा चुलतभाऊ गारा थांबायच्या आत मोबाइल घेऊन बांधावर जायचा. नागपूरच्या हवामान केंद्राचा पिवळा-नारिंगी इशारा त्याला आधीच आलेला असायचा, विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲपही त्याच्याकडे आहे. एका वर्षी त्याने आवळ्याएवढी गार तळहातावर ठेवून फोटो काढला, तर विमावाल्यांचा माणूस म्हणाला, गारेचा नको, पिकाचा पाठवा. तोवर रेंज गेली. तो रेंज शोधत पारावर चढला, आणि मारुतीसमोर उभा राहून त्याने मोठमोठ्याने जे काही सुनावलं ते मारुतीला नव्हतं, मोबाइलला होतं. काकूने मात्र त्याला घरी आल्यावर हात जोडायला लावले.

त्याची ती हकिगत ऐकताना मला आबाजींची, ते सगळ्यात शेवटी सांगायचे ती गोष्ट आठवली. त्यांच्या लहानपणी एका चैत्रात आमच्या गारपगाऱ्याने पारावर मोठा तमाशा केला आणि गारा खरोखरच आमचं शिवार सोडून वर्धा नदीच्या पलीकडे पडल्या. गावाने त्याला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावची पंधरा-वीस माणसं होडीने नदी उतरून काठ्या घेऊन हजर. त्यांचं म्हणणं, तुमच्या माणसानं तुमच्या गारा आमच्यावर ढकलल्या, भरपाई द्या. ते गाव वऱ्हाडात, आमचं मध्य प्रांतात, म्हणजे जिल्हा वेगळा, कचेरी वेगळी. असा दावा कुठल्या कोर्टात लावायचा हे कुणालाच कळेना. आम्ही ढकलल्या नाहीत असंही आमच्या लोकांना म्हणता येईना, कारण मग गारपगाऱ्याला खांद्यावर कशाला घेतलं होतं? शेवटी मालगुजाराने घरटी पायलीभर हरभरा गोळा करून त्यांच्या होडीत टाकला. आणि जाताना त्या लोकांनी आमच्या गारपगाऱ्याला बाजूला घेऊन पुढच्या सालासाठी आपल्याही गावचं काम त्याच्याशी ठरवलं.

इथे आजी दर वेळी विचारायची, “दोन्ही काठ त्याच्याकडे, मंग गारा पाडन कुठी तो?”

“नदीत पाडन,” आबाजी म्हणायचे, “मासोया काय पगार मागते त्याले?”