मूर्ती आली, गाव हरवले

आज आमच्या चंडीगडच्या सेक्टर १० मधल्या सरकारी संग्रहालयात जाऊ. इथे गांधार शैलीची ६२७ शिल्पे आहेत. फाळणीनंतर, एप्रिल १९४८ मध्ये, लाहोर संग्रहालयातल्या वस्तूंची वाटणी झाली. साठ टक्के पाकिस्तानकडे राहिल्या, चाळीस टक्के भारताला मिळाल्या. ही शिल्पे त्या वाट्यातली.

पण यांतल्या अनेकांचे मूळ ठिकाण नेमके ठाऊक नाही. १८७० च्या दशकात तख्त-ए-बाही, जमालगढी इथे फौजेच्या सॅपर्सनी खोदकाम केले. त्यांना मूर्ती हव्या होत्या. कोणती मूर्ती कोणत्या स्तूपापाशी, कोणत्या थरात मिळाली, याची धड नोंद राहिली नाही. म्हणून आज काळ ठरवायचा तो बराचसा घडणीवरून, आणि तिथे अभ्यासकांचे एकमत होत नाही.

फौजेत सहा आकडी ग्रिड रेफरन्स नसलेली खबर आम्ही अर्धीच धरायचो. आमच्याच पूर्वसुरींकडून ही चूक व्हावी, याची खंत वाटते.

तुमच्या शेतात वीरगळ किंवा नाणे निघाले, तर हलवू नका. आधी जागेचा फोटो काढा, गट नंबर लिहा, तहसीलदारांना कळवा. जय हिंद.