वसतिगृह : सहवासाचा अभ्यासक्रम

बंगळुरूच्या बनशंकरी परिसरात महाविद्यालयाच्या प्रथम वर्षासाठी येणाऱ्या परगावच्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो खोलीचा : कोणाबरोबर राहावे? हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. सहवास हाच शिक्षणाचा भाग मानणारी एक दीर्घ परंपरा मराठी मुलखात होऊन गेली. तिचा विचार येथे अभिप्रेत आहे.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन केले. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत आदी समाजांची वसतिगृहे उभी राहिली. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जातिनिहाय रचना हे या प्रयोगाचे बळ होते, तशीच ती त्याची मर्यादाही होती. सरमिसळ वसतिगृहात ज्यांना पंक्तीत जागा मिळाली नसती, अशा मुलांना त्यामुळे शहरात पाय रोवता आला. परंतु शेजारच्या जातीशी सहजीवन घडले नाही.

ही मर्यादा भाऊराव पाटलांनी स्वतः अनुभवली होती. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये असताना मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धिस्नानास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले : श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस. मुले एकत्र जेवत, एकत्र श्रम करीत. या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. 1947 साली निघालेल्या सातारच्या शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ या तत्त्वाला महाविद्यालयीन रूप मिळाले.

योगायोग असा की, 1927 सालीच अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर माइकलजॉन यांचे प्रायोगिक महाविद्यालय सुरू झाले. एकाच वसतिगृहात राहणारे विद्यार्थी पहिल्या वर्षी प्राचीन अथेन्सचा, तर दुसऱ्या वर्षी अमेरिकेचा समग्र अभ्यास करीत. 1932 मध्ये ते बंद पडले. तेथे सहवासाला ग्रंथांचा विषय होता. साताऱ्यात सहवास हाच विषय होता. एकत्र शिजलेली भाकरी तेथे पाठ्यवस्तू ठरली.

साहित्याने या इतिहासाची दुसरी बाजू नोंदवली आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (1963) मधील पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याच्या वसतिगृहात येतो. तेथे त्याला गर्दी मिळते, समूह मिळत नाही. याउलट कन्नड कवी सिद्धलिंगय्या यांच्या ‘ऊरु केरी’ या आत्मकथनात बंगळुरूचे गोपालस्वामी अय्यर वसतिगृह दलित विद्यार्थ्याच्या जाणिवेची घडण करते. पहिल्यात मुक्त प्रवेश असूनही एकाकीपणा आहे. दुसऱ्यात वेगळेपणातून सामूहिक आत्मभान येते. म्हणून जातिनिहाय वसतिगृहांना केवळ संकुचित ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही.

आज बनशंकरीसारख्या वस्तीत खासगी निवासांमुळे हा निर्णय बव्हंशी भाडे, भाषा आणि जेवणाच्या आवडीवर सोपविला गेला आहे. निवड मुक्त दिसते. पण ओळखीच्यांनी ओळखीच्यांतच राहावे, असाच तिचा कल असतो. कोल्हापूरने वंचिताला छप्पर दिले, साताऱ्याने त्या छपराखाली शेजारी बदलला. या दोन पायऱ्यांपैकी दुसरी आपोआप घडत नाही. तिच्यासाठी कोणीतरी जाणीवपूर्वक पंगत मांडावी लागते.