तीस रुपयांचा निवाडा

आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे परळ-लालबागच्या चाळींत वाढली, हे वाचकांस सांगावयास नको. आमचे तीर्थरूपही परळच्या एका गिरणीत विणकर होते. पगाराच्या दिवशी ते घरी आले की प्रथम वाण्याची वही निघे. त्या वहीमागे केवढा इतिहास आहे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा उमगले.

पगार वेळेवर मिळावा, हीच मुळी जुनी मागणी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी-कामगारांच्या सभा भरवून जे निवेदन केले, त्यात रविवारच्या सुटीबरोबर पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत वेतन मिळावे, असे कलम होते. किती मिळावे, हा प्रश्न त्यात नव्हता.

तो पुढे आला. एकाच कामाला या गिरणीत एक दर, त्या गिरणीत दुसरा, अशी तऱ्हा होती. १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला, १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी संप झाला. अखेर १९४७ साली औद्योगिक न्यायालयाने वेतनाचे प्रमाणीकरण करून २६ दिवसांच्या कामास निदान ३० रुपये मूळ पगार ठरविला. महागाई भत्ता त्याहून निराळा. आज तो आकडा हास्यास्पद वाटेल. परंतु यापेक्षा खाली जाता येणार नाही, असे मालकांस बजावले गेले ते या तीस रुपयांनी.

१९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने तर हिशेबच मांडला: कुटुंबात खाणारी तीन माणसे धरावी, प्रत्येकी २७०० उष्मांक, वर्षास ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण-दिवाबत्ती इत्यादींस एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. मास्तरकीच्या खोडीने आम्ही हा ताळा अनेकदा करून पाहिला आहे. मुलांचे शिक्षण व औषधपाणी त्यात नव्हते; ते सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या निकालात जोडले.

१९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर ते निवाड्याचे छत्रही गेले. गिरणगावची मुले ठेकेदाराकडे पहारेकरी झाली, सफाईला लागली. महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांपैकी २७०० जणांना कायम होण्यासाठी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागली.

गतवर्षी आपल्या सभागृहाची झाडलोट करणाऱ्या बाईंस आम्ही पगार विचारला. त्यांनी सांगितलेला आकडा आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेविला. "सर्वत्र हाच दर चालतो," असे उत्तर मिळाले. विषय येत्या वार्षिक सभेत निघावयाचा आहे. ज्या सभासदांच्या घरी वाण्याची जुनी वही असेल, त्यांनी ती समवेत आणावी.